पाणी धरून ठेवणारे रेणू

पदार्थांना दाटपणा आणणाऱ्या रेणूंवरील या चित्रफितीत पडद्यावर दिसणारे हे अंडाकृती कण बटाट्याच्या स्टार्चचे आहेत आणि त्यांच्यावर उमटलेली काळी फुली ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणाऱ्या प्रकाशामुळे दिसते आहे. कणाच्या आत रेणूंची रचना शिस्तीत आहे, याची ती खूण होय. थंड पाण्यात हे कण विरघळत नाहीत. ढवळणे थांबवले की ते तळाशी बसतात आणि वरचे पाणी पातळच राहते. आता पाणी तापू लागले आहे. तापमान ६० अंश सेल्सिअसच्या पुढे सरकू लागताच एकेका कणावरची फुली पुसली जाते, कण पाणी शोषून कित्येक पटींनी फुगतो आणि त्यातील अमायलोज या स्टार्चच्या घटकाच्या लांब साखळ्या बाहेर पाझरू लागतात. फुगलेले कण एकमेकांना खेटल्यामुळे पाण्याला मोकळेपणाने वाहायला जागाच उरत नाही आणि खळ दाट होते. तीच खळ फार वेळ उकळली, जोराने घुसळली किंवा आंबट पदार्थ घालून शिजवली, तर कण फुटतात आणि दाटपणा ओसरतो.

दाटपणा आणणारे पदार्थ म्हणजे स्वस्तात माल वाढवण्याची युक्ती, असा समज आपल्याकडे रूढ आहे आणि तो अन्यायकारक आहे. हलवून घ्यायच्या औषधात असा पदार्थ नसेल, तर औषधाचे कण झपाट्याने तळाशी जातील आणि पहिल्या चमच्यातली मात्रा शेवटच्या चमच्यातल्या मात्रेशी जुळणार नाही. शिवाय तो लागतो किती, हेही पाहावे. सॉसमध्ये झँथन गम या दाटपणा आणणाऱ्या पदार्थाचे प्रमाण बहुधा अर्ध्या टक्क्याहूनही कमी असते.

हा झँथन गम जिथे तयार होतो, ती ही पोलादी टाकी. कोबीवर्गीय पिकांवर घाण्या रोग आणणारा झँथोमोनास कँपेस्ट्रिस हा जिवाणू तिच्या आत वाढतो आहे. साखर, नायट्रोजनयुक्त पोषके आणि सतत सोडलेली हवा मिळाली, की तो स्वतःभोवती एका लांब, फांद्या असलेल्या शर्करा-साखळीचे आवरण विणू लागतो. अमेरिकेतील पिओरिया येथे, कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत ॲलीन जीन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या साखळीचा अभ्यास केला आणि १९६९ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने खाद्यपदार्थांत तिच्या वापराला मान्यता दिली. दिवस जातात तसा टाकीतला द्रव इतका दाट होतो, की त्याच्या सर्व भागांत प्राणवायू पोहोचवणे हेच कारखान्यापुढचे सर्वांत अवघड काम ठरते. त्यानंतर उष्णता देऊन जिवाणू मारले जातात आणि द्रवात आयसोप्रोपिल अल्कोहोल ओतले जाते. त्याच क्षणी पाण्याची साथ सोडून पांढरे तंतू वर येतात, ते आपण पाहत आहात. ते पिळून, वाळवून आणि दळून जी भुकटी मिळते, तिच्या पुडीवर ई ४१५ हा खाद्यपदार्थांत मिसळायच्या पदार्थांच्या यादीतला क्रमांक छापलेला असतो. त्या क्रमांकाला बिचकण्यापूर्वी ही टाकी प्रत्येकाने एकदा पाहायला हवी.

ही भुकटी पाण्यात एकदम टाकली, तर काय होते तेही पाहा. गुठळीचा बाहेरचा थर क्षणात भिजून चिकट होतो आणि आतली भुकटी कोरडीच अडकून पडते. म्हणून ती आधी तेलात किंवा साखरेत कालवतात आणि मगच वेगाने फिरणाऱ्या पाण्यात सोडतात.

बाटली उलटी केली तरी सॉस जागचा हलत नाही, पण हलवल्याबरोबर वाहू लागतो. स्थिर असताना एकमेकांत गुंतलेल्या साखळ्या जोर लागताच प्रवाहाच्या दिशेने सरळ होतात आणि जोर थांबला की पुन्हा गुंततात. भिंतीला लावायच्या रंगातही नेमका हाच गुण आणावा लागतो. तो रोलरखाली सहज पसरला पाहिजे, मात्र भिंतीवरून ओघळता कामा नये. त्यासाठी लाकडाच्या किंवा कापसाच्या सेल्युलोजवर रासायनिक प्रक्रिया करून बनवलेले पदार्थ वापरले जातात. या काचपात्रातला कार्बोमर हा दाटपणा आणणारा पदार्थ तर पूर्णपणे कृत्रिम आहे. त्याच्या आम्लधर्मी, पातळ मिश्रणात अल्कलीचे थेंब पडताच साखळ्यांवर समान विद्युतभार निर्माण होतो, त्या एकमेकींना दूर लोटत उलगडतात आणि पारदर्शक जेल तयार होते.

शेवटच्या दृश्यातील सिरिंजमध्ये १० मिलिलिटर दाट केलेले पेय आहे. गिळण्यास त्रास असणाऱ्या काही रुग्णांना पातळ पाण्याने ठसका लागून ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो, तर पेय फार दाट केल्यास ते कमी प्यायले जाऊन शरीरातील पाणी घटू शकते. म्हणून १० सेकंद वाहू दिल्यानंतर सिरिंजमध्ये किती पेय उरले, यावरून त्याच्या दाटपणाची पातळी ठरवतात. लाळेतील अमायलेज हे विकर स्टार्चचा दाटपणा तोंडातच मोडू लागते, झँथन गमवर मात्र त्याचा परिणाम होत नाही. त्यामुळे अशा रुग्णांच्या पेयांत आता झँथन गमचा वापर पुष्कळ होतो.