मॉलचं टॉयलेट आणि अळवाचं पान

नमस्कार मंडळी, आजचा विषय जरा नाकाला रुमाल लावून ऐकायचा आहे, मॉलमधली टॉयलेट्स. जेवत असाल तर आवाज थोडा बारीक करा, माझा राग नाही.

झालं काय, मागच्या रविवारी एका मॉलमध्ये गेलो होतो, नाव कशाला घ्या, तिथलं टॉयलेट एकदम नेचर थीम. भिंतभर बांबूचा वॉलपेपर, कोपऱ्यात प्लास्टिकचा मनीप्लांट, स्पीकरवर पक्ष्यांची किलबिल, आणि बेसिनखाली हे एवढं तळं. सफाईच्या मावशी वायपरने पाणी जाळीकडे ढकलत होत्या आणि ते निवांत परत बेसिनखाली येत होतं कारण फरशीचा उतारच उलटा. मी म्हटलं, मावशी, टॉयलेट मस्त केलंय हो. तर म्हणाल्या, "चिमण्या वरडत्यात दिवसभर, पन पानी जातंय कुठं?"

झालं, माझं डोकं तिथेच अडकलं. निसर्गाचं चित्र चिकटवायचं आणि निसर्ग पाण्याचं, वासाचं जे करतो ते मात्र बघायचंच नाही.

वासाचंच घ्या. ताज्या लघवीला फारसा वास नसतो बरं का, ती टाइल्सच्या सांध्यांमध्ये मुरते, मग जंतू त्यातल्या युरियाचा अमोनिया करतात आणि तो नाकात जातो. त्यावर मोगऱ्याचा स्प्रे मारला की काय होतं? मोगरा अधिक अमोनिया. म्हणजे सांधे कमी, फरशी कोरडी आणि हवा खेळती, एवढं केलं तरी डांबरगोळ्यांचा खर्च वाचेल.

आता कोरडं कसं ठेवायचं, तर आपल्याकडे म्हणच आहे, अळवावरचं पाणी. पानावर बारीक बारीक उंचवटे असतात, त्यावर मेणाचा थर, त्यामुळे थेंब टेकतच नाही, घरंगळतो आणि जाताना धूळ घेऊन जातो. कमळाच्या पानाचंही तेच. विल्हेल्म बार्थलॉट नावाच्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने 1970 च्या दशकात पानं इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघितली तेव्हा त्याच्या लक्षात आलं की खडबडीत पानंच जास्त स्वच्छ असतात, आणि पुढे त्यावरून आपोआप धुतले जाणारे बाहेरच्या भिंतींचे रंगसुद्धा निघाले.

मग बेसिनला हेच लावा की, असं मलाही वाटलं. म्हणून अळवाची जुडी आणली आणि सिंकमध्ये पान धरून वर पाणी सोडलं, मोती नुसते पळत होते. मग हँडवॉशचा एक थेंब टाकला आणि संपला की खेळ, पाणी पानाला चिकटून पसरलं. साबण आला की ही युक्ती चालत नाही, आणि घासलं तर उंचवटेच जातात. मॉलच्या बेसिनमध्ये तर दिवसभर साबण आणि घासणी दोन्ही.

टॉयलेटच्या भांड्यासाठी दुसरी वनस्पती जास्त कामाची, घटपर्णी, आपल्याकडे मेघालयात होते ती. तिच्या सुरईचा काठ ओला आणि इतका गुळगुळीत की किडा घसरून थेट आत. त्या धर्तीवर अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठातल्या लोकांनी भांड्याला मारायचा लेप बनवला, 2019 मध्ये ते काम छापून आलं, फ्लशचं पाणी निम्म्यावर येऊ शकतं म्हणे. पण लेप कायमचा नाही, साधारण 500 फ्लशनंतर परत मारायचा, आणि गर्दीच्या मॉलमध्ये 500 फ्लश व्हायला वेळ तो किती लागणार!

हवेसाठी झिम्बाब्वेत हरारेला ईस्टगेट सेंटर आहे, 1996 सालचं, खाली दुकानं वर ऑफिसं. आर्किटेक्ट मिक पिअर्सने वारूळ बघून ते बांधलं, रात्रीची गार हवा फरशांखालच्या पोकळीतून फिरवायची, काँक्रीट थंड करून ठेवायचं आणि गरम हवा धुराड्यांतून वर सोडायची. गंमत म्हणजे नंतर अभ्यासकांनी सांगितलं की वारूळ काही असं चालत नाही! बिल्डिंग मात्र चालते. पण हरारेच्या रात्री गार असतात, मुंबईच्या घामट रात्रीत तेच बांधाल तर फसाल, नाशकात कदाचित जमेल.

आणि सांडपाणी? कोकणात आजोळी मोरीचं पाणी पन्हळीतून परसात जायचं, तिथे कर्दळ, केळ आणि अळूच, कुणी कधी खत घातल्याचं आठवत नाही. आता त्याच कर्दळीचे वाफे सांडपाणी शुद्ध करायला लावतात. मॉलच्या बेसिनचं पाणी आधी गाळून अशा वाफ्यातून काढलं तर पार्किंगच्या कडेची झाडं तरी खरीखुरी ठेवता येतील.

तर मंडळी, माझ्या प्रयोगातून उरलेल्या जुडीचं फतफतं झालं, शेंगदाणे घालून. देठं सोलताना हाताला खाज सुटलीच, तुमच्याकडे सुटली तर कोकमाचं आगळ चोळा. भेटू पुढच्या आठवड्यात.