पश्चिमेची भिंत

(दृश्य: नागपूर, मे महिना. चौथ्या मजल्यावरची खोली. भिंतीवर टेकवलेला तळहात.)

रात्रीचे दहा वाजलेत. सूर्य मावळून तीन तास झाले, तरी पश्चिमेची भिंत चटका देतेय. नवतपा, म्हणजे मे अखेरचे भाजून काढणारे नऊ दिवस, चालू आहे. खिडकीत कूलर घरघरतोय आणि भिंत दुपारचं ऊन आता कुठे खोलीत सोडतेय.

विटेची नऊ इंची भिंत ऊन आत पोचवायला सात-आठ तास घेते. म्हणजे दुपारी तीनला भिंतीवर पडलेलं ऊन बरोबर झोपायच्या वेळी उशाशी हजर. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींत ते बरंचसं वाटेतच विरायचं. पण फ्लॅटमध्ये एवढी जाडी कोण देणार? जागेचा भाव फुटावर असतो.

(दृश्य: सूर्याच्या वाटेचं रेखाचित्र.)

मे अखेरीस नागपुरात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. दक्षिणेच्या खिडकीला साधा छज्जा पुरतो. डिसेंबरात तोच सूर्य माध्यान्हीला जेमतेम 45 अंशांवर असतो आणि हवंहवंसं ऊन छज्ज्याखालून आत येतं. पश्चिमेला मात्र छज्जा कुचकामी. चारनंतरचं ऊन आडवं येतं. तिथे भिंतीपुढे उघडझाप करणारा पडदाच हवा.

अबू धाबीच्या अल बहर टॉवर्सवर 2012 पासून तसा आहे. ऊन आलं की त्याच्या छत्र्या उलगडतात, कललं की मिटतात. देखणं प्रकरण! पण मोटार आली की मेकॅनिकही आला. मोटारीवाचूनही जमतं म्हणा: इस्त्रीत दोन धातूंची पट्टी तापून वाकते, तशाच पट्टीने झडप हलवता येते.

मेणाचीही एक युक्ती आहे. गिलाव्यात 26 अंशांना वितळणारं मेण मिसळायचं. दिवसा वितळताना ते उष्णता गिळतं, रात्री थिजताना सोडतं. पण मे महिन्यात इथली रात्रच 28-30 अंशांवर अडते. रात्री मेण थिजलंच नाही, तर उद्या गिळणार काय? फेब्रुवारी-मार्चात ते कामाचं, नवतप्यात नुसता भार.

(दृश्य: समोरच्या इमारतीची बाल्कनी.)

इथे दुपारी दोनला आजी वाळ्याचा पडदा खाली सोडतात, तांब्याभर पाणी शिंपडतात. मृग लागून हवा ओली झाली, की शिंपडलेलं पाणी वाळत नाही. मग पडदा गुंडाळून माळ्यावर जातो.