विचित्र घटना कशा तपासतात? आधी छेद सांगा!

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की आता टाळणं बरं दिसणार नाही. "शास्त्रज्ञ असल्या विचित्र गोष्टी खरंच तपासतात, की नुसत्या उडवून लावतात?" तपासतात हो, अगदी चवीने तपासतात. नोंदी ठेवायच्या, उपकरण धड आहे ना बघायचं, दुसऱ्या कुणाला तेच करून बघायला सांगायचं. हे शाळेत झालंय, पुढे जाऊ.

माझं घोडं अडतं ते छेदापाशी. अपूर्णांकातला छेद! विचित्र गोष्ट घडली, हा अंश. ती घडू शकली असती असे एकूण प्रसंग किती, हा छेद. आणि तुम्ही मंडळी मला कॉमेंटमध्ये नुसते अंश पाठवता.

"मामा स्वप्नात आले आणि दुसऱ्याच दिवशी गेले." वाचून वाईट वाटलं, खरंच. पण त्याआधी मामा कितीदा स्वप्नात आले आणि ठणठणीत राहिले? ते कोण लिहून ठेवतं? माझी मावशी म्हणते, "मी आठवण काढली की त्या माणसाचा फोन येतोच." मी तिला वही दिली. म्हटलं, आठवण आली की लिही, फोन येवो न येवो. थोड्याच दिवसांत वही रद्दीत गेली, आणि वर "तुझ्या त्या वहीमुळे फोन यायचे बंद झाले" हेही ऐकून घ्यावं लागलं.

आता वैद्यकशास्त्रात बघा. ५ जून १९८१ ला अमेरिकेच्या सीडीसीच्या (साथरोगांवर नजर ठेवणारी सरकारी संस्था) साप्ताहिकात लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांची नोंद आली. आधी धडधाकट असलेले, आणि न्यूमोसिस्टिस नावाचा न्यूमोनिया झालेला. पाच हा काय आकडा आहे? एरवी कुणी ढुंकून पाहिलं नसतं. पण त्यावरचं पेंटामिडीन हे औषध तेव्हा अमेरिकेत सीडीसीकडूनच मागवावं लागायचं. कुणासाठी हवंय, कशासाठी हवंय, सगळ्याची तिथे नोंद. एरवी मागणी यायची ती प्रतिकारशक्ती कशाने तरी ढासळलेल्या रुग्णांसाठी, म्हणजे कॅन्सरवाले, अवयव बदललेले. धडधाकट तरुणांसाठी मागणी यायला लागली तेव्हा औषध पाठवणाऱ्या बाईंना ते खटकलं. छेद त्या नोंदींत होता, म्हणून पाच हा आकडा मोठा ठरला. पुढे या आजाराला एड्स म्हणू लागले.

हेच उलट्या बाजूने. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स रेडिओ दुर्बिणीला रेडिओ लहरींचे काही झटके मिळायचे, दूर अंतराळातून आल्यासारखे. त्यांना पेरिटॉन म्हणत. आता, झटका कधी आला एवढंच बघितलं तर गूढ. कधी येत नाही तेही बघितलं, तर? यायचे ते बहुतेक माणसं कामावर असताना, दिवसा! २०१५ मध्ये उलगडा झाला. आवारातला मायक्रोवेव्ह. त्यातही गंमत अशी की टायमर संपेपर्यंत चालू दिला तर काही नाही, मध्येच दार उघडून थांबवला की झटका. कुणाला तरी जेवायची घाई, दुसरं काय! (लगेच लिहू नका की "म्हणजे फास्ट रेडिओ बर्स्टही मायक्रोवेव्हच". नाही. तेही क्षणभराचे रेडिओ झटकेच, पण वेगळे, ते खरेच अंतराळातून येतात.)

तिसरा प्रकार म्हणजे छेद आधीच मांडून बसायचं. हृदय बंद पडलेली माणसं सांगतात की आम्ही वरून स्वतःला बघितलं. मग संशोधकांनी काय केलं? रुग्णालयांत उंच फळ्या लावल्या आणि त्यांवर फक्त छताकडूनच दिसतील अशी चित्रं ठेवली. अवेअर नावाचा हा अभ्यास २०१४ मध्ये छापून आला. हृदय बंद पडल्याच्या २०६० घटना, त्यांतून वाचलेल्या १४० जणांशी बोलणं झालं. फळ्या असलेल्या ठिकाणी किती घटना घडल्या? जेमतेम २२ टक्के. आणि पाहिल्या-ऐकल्याचं सविस्तर सांगणारे दोन जण निघाले, तर दोघांचंही हृदय बंद पडलं ते फळी नसलेल्या ठिकाणी! माझ्याकडे या अभ्यासाच्या "सिद्ध झालं" म्हणणाऱ्या लिंक येतात आणि "खोटं ठरलं" म्हणणाऱ्याही. अरे, चित्रांची परीक्षा झालीच नाही, तर निकाल कसला लावताय?

"मग एकदाच घडलं ते खोटंच का?" असं एका ताईंनी चिडून विचारलंय. नाही हो ताई. १ जानेवारी १९९५ ला उत्तर समुद्रातल्या ड्राउपनर या गॅसच्या प्लॅटफॉर्मवरच्या लेझरने २५.६ मीटरची लाट टिपली. एकच लाट. पण लेझर आधीपासून मोजत होता, त्यामुळे आजूबाजूच्या मोठ्या लाटा साधारण १२ मीटरच्या होत्या हेही कागदावर आलं. खलाशी असल्या लाटांबद्दल कधीपासून सांगत होते, पण बाकीच्या लाटा कुणी मोजल्याच नव्हत्या.

तर ज्यांनी रात्रीच्या आवाजांची रेकॉर्डिंग पाठवलीत, त्यांनी रेकॉर्डर एकूण किती रात्री चालू होता आणि किती रात्री काहीच आलं नाही, हे खाली लिहा. ते आल्याशिवाय मी एकही फाइल उघडणार नाहीये. आणि "घड्याळात बघावं तेव्हा ११:११ च दिसतात" म्हणणाऱ्यांनो, तुम्ही घड्याळ दिवसातून कितीदा बघता, ते आधी कळवा.