शेखा रिमिती आणि 'राई' या शब्दाचा घोळ

नमस्कार मंडळी. अल्जीरियन गायक खालेद यांच्या 'दीदी' या गाण्यावरील भागाखाली एक प्रश्न सर्वाधिक वेळा आला : या संगीताला 'राई' म्हणतात, तर त्याचा मोहरीशी काही संबंध आहे का? संबंध नाही. मात्र मी स्वतः हा शब्द पहिल्यांदा शोधला, तेव्हा कैरीच्या लोणच्याच्या पाककृती ओलांडल्यावरच अल्जीरिया लागला होता, त्यामुळे मी कोणाला हसणार नाही.

ज्यांना या संगीताची आजी मानतात, त्या शेखा रिमिती यांचा जन्म १९२३ मध्ये पश्चिम अल्जीरियातील तेसाला येथे झाला. लहानपणीच पोरक्या झालेल्या रिमिती पुढे भटक्या वादकांच्या ताफ्याबरोबर गाऊ लागल्या. अक्षरओळख नसल्यामुळे दोनशेहून अधिक गाणी त्यांनी मनातच रचली आणि पाठ ठेवली. 'रिमिती' हे नाव मात्र पावसाची कृपा आहे. एका उरुसात सर आली म्हणून त्या कँटीनमध्ये शिरल्या, चाहत्यांनी गराडा घातला, आणि सर्वांना पेय पाजावे म्हणून, फ्रेंच येत नसतानाही, त्यांनी कानावर पडलेला 'रमेते', म्हणजे 'पुन्हा भरा', हा शब्द उच्चारला. लोकांनी त्याचेच नाव केले.

आता मूळ शब्दाकडे येऊ. अरबी भाषेत 'राई' म्हणजे मत. आपण हिंदीत 'आपकी क्या राय है' असे विचारतो, ती राय हीच. पण कोशातला अर्थ कळला म्हणून शब्द कळला, असे होत नाही. ही गाणी ऐकताना मध्येच 'या राई' अशी हाक येते. ती देवाला किंवा प्रियकराला नसून गाणाऱ्याच्या स्वतःच्या बुद्धीला घातलेली असते. आणि तरीही अर्थ पुरता उलगडत नसेल, तर रिमितींचे १९५४ चे 'शर्राग गत्ता' हे गाणे आठवावे. कौमार्याचे स्तोम माजवणाऱ्या समाजाला डिवचणाऱ्या या गाण्याने स्वातंत्र्यलढ्यातील पुढारीही नाराज झाले, आणि १९६२ मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर सरकारी आकाशवाणी व दूरचित्रवाणीचे दरवाजे रिमितींना बंद झाले. स्त्रीने स्वतःचे मत उघड गायले, तर त्याची किंमत किती, हे या शब्दात आहे.

"हे तर अश्लील गाणे," असे लिहिणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे. राई खालेद यांच्यापासून सुरू झाली, असे ठामपणे सांगणाऱ्यांवर तर माझा खास राग आहे. कीबोर्ड आणि ड्रम-मशीन घेऊन आलेली ही पिढी नावापुढे 'शेब', म्हणजे 'तरुण', असे लावत होती, ते उगाच नव्हे. त्यांच्याआधी गसबा या बोरूच्या बासरीवर आणि गेलाल या चर्मवाद्यावर गाणारे शेख आणि शेखा, म्हणजे ज्येष्ठ गायक-गायिका, होतेच.

१९७८ मध्ये रिमिती पॅरिसला गेल्या. १९९४ च्या 'सिदी मन्सूर' या अल्बममध्ये ब्रिटिश रॉक गिटारवादक रॉबर्ट फ्रिप यांची गिटार त्यांच्या खर्जातल्या आवाजाच्या मागे वाजते. १३ मे २००६ रोजी पॅरिसच्या झेनिथ सभागृहात त्या आणि खालेद एकाच कार्यक्रमात गायले. दोन दिवसांनी, ८३ व्या वर्षी, त्या गेल्या.