क्रॅनबेरीला पाणी नको, वाळू द्या

मंडळी, क्रॅनबेरी म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? कमरेइतक्या पाण्यात उभी माणसं आणि त्यांच्याभोवती तरंगणारी लाल फळं. माना हलताहेत, म्हणजे चित्र सगळ्यांच्या ओळखीचं आहे. माझी तक्रार याच चित्राबद्दल आहे. ते पाहूनच लोक कुंड्यांची भोकं बुजवतात, वाफ्यात पाणी साठवतात आणि वेल कुजला की हवामानाला बोल लावतात.

ते पाणी तोडणीपुरतं असतं. फळाच्या आत हवेचे चार कप्पे असतात, म्हणून ते तरंगतं. फळं पिकली की शेतात पाणी सोडायचं, वेल घुसळून फळं सुटी करायची, एका कोपऱ्यात लोटून गोळा करायची आणि पाणी काढून टाकायचं. तेही मुख्यतः रस आणि सॉससाठी जाणाऱ्या मालाला. ताजी विकायची फळं बहुतेक कोरड्यातच तोडतात. कडक हिवाळ्यात पुन्हा पाणी भरतात, पण तेव्हा वेल सुप्तावस्थेत असतो आणि गार वाऱ्यानं तो सुकू नये एवढाच त्यामागचा हेतू. वाढीच्या दिवसांत पाणी तुंबलं तर मुळांची हवा तुटते आणि फायटोफ्थोरा हा बुरशीसारखा जीव मूळकूज घडवून आणतो. या वेलाला ओल हवी, दलदल नको.

मग हवं काय? वाळू. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या डेनिस गावी हेन्री हॉल नावाचा माणूस होता. १८१६ च्या सुमारास त्याच्या ध्यानात आलं की वाऱ्यानं उडालेली वाळू ज्या रानवेलांवर पसरली, ते दबून मेले नाहीत, उलट जोमानं वाढले. क्रॅनबेरीची शेती इथूनच सुरू झाली असं मानतात. आजही काही शेतकरी गोठलेल्या पाण्यावर वाळू पसरतात. बर्फ वितळलं की ती आपसूक वेलांवर बसते. किती सुंदर युक्ती आहे!

यामागचं कारण नीट समजून घ्या. क्रॅनबेरीच्या जमिनीसरपट धावणाऱ्या फांद्या दोन-दोन मीटर पसरतात, पण फळ मुख्यतः धरतं ते त्यांवरच्या उभ्या फुटव्यांवर. धावती फांदी वाळूखाली गेली की तिला नवी मुळं सुटतात आणि नवे फुटवे वर येतात. शिवाय तण दबतं. घरच्या वाफ्यात दोन-तीन वर्षांतून एकदा, वाढ सुरू होण्याआधी, एक ते दोन सेंटीमीटर थर पुरे. पाच सेंटीमीटर टाकलात तर वेल गुदमरेल. वाळू भरड हवी आणि तिच्यात चुन्याचा अंश नको. मूठभर वाळूवर व्हिनेगर ओता. फसफसली तर ती वाळू परत पाठवा.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, आणि लागवड तर सांगायचीच राहिली. भराभर सांगतो, लिहून घ्या.

आधी थंडी. हिवाळ्यात ७ अंश सेल्सिअसखाली हजारावर तास मिळाले नाहीत तर वेल जगेल, पण धड फुलणार नाही. अशा ठिकाणी लावूच नका.

वाफा २० सेंटीमीटर खोल खणून पीट मॉसनं, म्हणजे दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या शेवाळानं, भरा. कोरडं पीट पाणी झिडकारतं, म्हणून आदल्या दिवशी भिजवून ठेवा. सामू, म्हणजे मातीचा pH, ४ ते ५ हवा. जमीन चुनखडीची असेल तर सामू उतरवायला गंधक टाकून भांडत बसू नका, वेगळा वाफाच करा. इतर ठिकाणी गंधक चालतं, पण त्याचं काम जिवाणूंकरवी होतं आणि त्याला महिने लागतात, तेव्हा लागवडीच्या बरंच आधी मिसळा. रोपं ३० सेंटीमीटरवर लावा. मुळं वरच्या १५ सेंटीमीटरमध्येच असतात, म्हणून खोल खुरपू नका, तण हातानं उपटा. पाणी शक्यतो पावसाचं द्या, आठवड्याला साधारण अडीच सेंटीमीटर. जड, म्हणजे चुन्याचे क्षार असलेल्या पाण्यानं सामू चढतो, लोह मिळेनासं होतं आणि पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

खत म्हणजे अमोनियम सल्फेट, चौरस मीटरला हंगामात १० ते १५ ग्रॅम, तीन हप्त्यांत. नायट्रेटचं खत देऊ नका, या वेलाला ते फारसं वापरता येत नाही. नत्र जास्त झालं तर धावत्या फांद्याच माजतात, उभे फुटवे कमी येतात आणि फळाची वाट पाहत बसावं लागतं. एरवीही पहिलं बरं पीक तिसऱ्या वर्षी येतं. पुढच्या वर्षीच्या कळ्या आदल्या उन्हाळ्याच्या अखेरीस धरतात, तेव्हा पाण्याचा ताण देऊ नका. फुलं मधमाश्यांवर अवलंबून आहेत, म्हणून बहरात फवारणी बंद.

फळ पूर्ण लाल आणि आतलं बी तपकिरी झालं की तोडा, दव गोठण्याइतकी कडक थंडी पडायच्या आत. पांढुरकी फळं सरळ वेगळी काढा. निवडून, न धुता फ्रीजमध्ये ठेवलीत तर दोन महिने सहज टिकतात.