हरल्यानंतरचे दोन दिवस
(नागपुरात प्रशिक्षक आणि पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, समोर मानकापूरच्या क्रीडा संकुलात मुलांना सोडायला येणारे बरेच पालक दिसतायत, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. हरलेल्या खेळाडूवर टीका करावीच. कशावर आणि कधी, तिथे आपला घोळ होतो.

टोकियो ऑलिंपिक घ्या. महिलांच्या १० मीटर एअर पिस्तूलच्या पात्रता फेरीत ६० शॉट, वेळ ७५ मिनिटं. मनू भाकरच्या पिस्तुलाचा लिव्हर मध्येच तुटला, दुरुस्तीत वेळ गेला, उरलेले शॉट घाईत मारावे लागले. ५७५ गुण, बारावा क्रमांक. अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. इकडे निदान तयार: ‘दडपण झेपलं नाही.’ आता सांगा, या वाक्यावरून प्रशिक्षकाने सराव काय बेतायचा? त्यापेक्षा विचारा, लाइनवर परत आल्यावर पहिल्या पाच शॉटना तिने किती वेळ घेतला? बिघाडाची तालीम कधी केली होती का? ही टीकाच आहे, पण हिच्यावर लगेच काम सुरू करता येतं. पॅरिसमध्ये याच मनूने दोन कांस्यपदकं मिळवली.

धावपटू अविनाश साबळेचंही तेच. पॅरिस ऑलिंपिकच्या ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, ८ मिनिटं १४.१८ सेकंद, अकरावा. लोकांनी क्रमांक वाचला आणि पान उलटलं. स्टीपलचेसच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत पोचलेला तो पहिला भारतीय पुरुष, आणि महिनाभर आधी त्याच शहरात त्याने ८:०९.९१ ची राष्ट्रीय विक्रमी वेळ दिली होती. म्हणजे प्रश्न सव्वाचार सेकंदांचा. २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या, यांत ते कुठे गेले ते शोधा. (बुद्धिबळात तर इंजिनचा, म्हणजे चाली तपासणाऱ्या संगणकाचा, आकडा समोर ठेवून कोणीही दिव्या देशमुखला चाल सुचवतो. घड्याळ मात्र तिचं चालू असतं.)

आता घरचं. हरल्याच्या संध्याकाळी मुलीशी तांत्रिक बोलू नका. अंग दमलेलं, पोट रिकामं, झोप उडालेली. सांगितलेलं डोक्यात शिरत नाही. सगळ्यात जास्त नुकसान परतीच्या गाडीत होतं, कारण तिथून मुलीला उठून जाता येत नाही. ‘जेवलीस का? उद्या दुपारी बोलू,’ एवढं पुरे. फोन हिसकावू नका. तिच्याच संमतीने घरातल्या एकाने कमेंट बघाव्यात.

दुसऱ्या दिवशी आधी तिने लिहावं, काय ठरलं होतं आणि काय झालं. मग व्हिडिओ. दोन चुका निवडा, तिसरी पुढच्या आठवड्यात. ‘पंचांनीच खाल्लं,’ ‘नशीबच खराब’ ही सहानुभूती टाळा. मुलीला वाटतं आपल्या हातात काहीच नव्हतं, मग सराव कशाला?

दोन आठवड्यांनंतरही झोप-जेवण बिघडलेलं असेल, सराव टाळणं सुरू असेल, तर क्रीडा मानसतज्ज्ञाकडे न्या. जगण्याबद्दलच नकोसं बोलली, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि तिला एकटं सोडू नका. स्पर्धांचं वेळापत्रक नंतर बघता येईल.