वीस रुपयांची चिप आणि कलम ६३

(नागपुरात विधी शाखेच्या विद्यार्थ्यांसमोर एका फौजदारी वकिलाने दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

विषय मोठा दिलाय तुम्ही मला. गाणी फुकट उतरवून घेणाऱ्यांवर पोलिसांनी काय करावं आणि त्यांना शिक्षा किती व्हावी. मी बर्डीवरच्या, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातल्या, एका चार बाय सहाच्या दुकानापासून सुरुवात करतो, कारण हा विषय माझ्याकडे पुस्तकातून आला नाही, पक्षकार होऊन आला.

२०१३च्या आसपासची गोष्ट. तुमच्यापैकी कितीजणांना 'चिप भरणं' माहीत आहे? दोन हात. बरं. मोबाइलच्या मेमरी कार्डाला आपण चिप म्हणायचो. ती दुकानात न्यायची, वीस रुपये द्यायचे, दुकानदार कार्ड रीडरला लावून गाणी भरून द्यायचा. 'मिक्स टाकू का नुसते जुने?' एवढाच प्रश्न. चहा संपेपर्यंत चिप फुल्ल.

एके दिवशी त्या दुकानात दोन गिऱ्हाइकं आली. चिप भरून घेतली, पैसे दिले, आणि दहा मिनिटांत पोलिसांना घेऊन परतली. ती एका म्युझिक कंपनीसाठी काम करणारी तपासनीस मंडळी होती. पंचनामा मी नंतर वाचला. एक सीपीयू, एक मॉनिटर, दोन कार्ड रीडर, एक माउस पॅडसह, रोख ३४० रुपये. गाण्यांपुढे लिहिलं होतं, 'अंदाजे सहा हजार'. त्यातली तक्रारदार कंपनीची किती? सोबतच्या यादीत अकरा. त्या अकरांचे हक्क कंपनीकडे आल्याचा कागद मागितला, तर तो पुढच्या तारखेला आणतो म्हणाले. पोरगं मात्र त्याच संध्याकाळी आत.

वयाने बावीस-तेवीस. मला म्हणाला, 'वकीलसाहेब, गाणं तं हवेत आहे जी. मी कोणाच्या घरातून उचललं?'

मी त्याला समजावलं की तू चूक केलीस. दुसऱ्याच्या गाण्यावर वीस वीस रुपये कमावत होतास, हा धंदाच झाला. वकील झालो म्हणून पक्षकाराला गोड बोलायचं हे मला जमत नाही. फी कमी मिळते त्यामुळे, पण असो. माझा प्रश्न वेगळा होता. या चुकीची किंमत किती?

आता कायदा बघू. कॉपीराइटचा कायदा १९५७चा. मूळ कायद्यात जास्तीत जास्त शिक्षा एक वर्षाची होती. व्हिडिओ कॅसेटचा सुळसुळाट झाला तेव्हा १९८४मध्ये ती वाढवली. आज कलम ६३ म्हणतं, कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त तीन वर्षं, आणि दंड ५० हजार ते २ लाख. धंद्यासाठी किंवा फायद्यासाठी केलं नसेल तर कारणं नोंदवून कोर्टाला कमी शिक्षा देता येते. दुसऱ्यांदा दोषी ठरलात तर कलम ६३-अ, किमान एक वर्ष. कलम ६४ प्रमाणे उपनिरीक्षक किंवा त्याच्या वरच्या दर्जाचा अधिकारी वॉरंटशिवाय माल जप्त करू शकतो. आणि मालकाला तो परत हवा असेल तर १५ दिवसांत दंडाधिकाऱ्याकडे अर्ज. हे पंधरा दिवस लिहून ठेवा, पुढे तुमचेच पक्षकार चुकवणार आहेत.

जामिनाचा घोळ त्याहून मजेचा. फौजदारी प्रक्रियेच्या परिशिष्टात 'तीन वर्षांपेक्षा कमी' शिक्षेचे गुन्हे जामीनपात्र, आणि 'तीन वर्षं व त्याहून अधिक'चे अजामीनपात्र. मग 'तीन वर्षांपर्यंत' शिक्षेचा गुन्हा कोणत्या खान्यात बसवायचा? यावर उच्च न्यायालयांची मतं वेगवेगळी होती. शेवटी मे २०२२मध्ये निट प्रो इंटरनॅशनलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, दखलपात्र आणि अजामीनपात्र. म्हणजे वॉरंटशिवाय अटक होऊ शकते आणि जामीन हक्काने मागता येत नाही. एका 'पर्यंत' या शब्दावर माणसाची रात्र कुठे जाणार हे ठरतं. अर्थात सर्वोच्च न्यायालयाच्याच २०१४च्या अर्नेश कुमार निकालानंतर सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करायची नाही, आधी नोटीस द्यायची. पण तो निकाल पोलीस ठाण्यात वाचून दाखवायला तिथे वकील हजर लागतो. बर्डीच्या पोट्ट्याकडे त्या वेळी वकील नसतो, मामा असतो.

यावर आपल्या महाराष्ट्राने आणखी एक मजला चढवला. झोपडपट्टी दादा, हातभट्टीवाले, अमली पदार्थवाले यांना खटल्याशिवाय वर्षभरापर्यंत स्थानबद्ध करण्याचा १९८१चा कायदा आहे, आपण एमपीडीए म्हणतो तो. २००९मध्ये त्याच रांगेत 'व्हिडिओ पायरेट' बसवला. पायरसीच्या टोळ्या असतात, त्यात मोठा पैसा फिरतो, हे मला मान्य आहे. तरी हातभट्टीची दारू पिऊन माणूस मरतो. चोरीचं गाणं ऐकून आजवर कोणी दगावल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

मग इतका कडक कायदा पडतो कुणावर? ज्याचं शटर रस्त्याकडे उघडतं त्याच्यावर. हजारो गाणी फुकट ठेवणारी साइट परदेशातल्या सर्व्हरवर, चालवणारा कोण ते ठाऊक नाही, जाहिरातींचे पैसे तिसऱ्याच देशात जमा होतात. २०१२मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाच्या आदेशांनी अशी १०४ संकेतस्थळं बंद करायला सांगितली गेली. एक अक्षर बदललं की साइट पुन्हा सुरू. एप्रिल २०१९मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने यावर चांगली तोड काढली. नवं नाव घेऊन तीच साइट उगवली तर नवा दावा लावायची गरज नाही, जुन्याच मनाईहुकुमात तिचं नाव घालून घ्यायचं. मला हा आदेश सहा महिन्यांच्या तुरुंगवासापेक्षा कितीतरी धारदार वाटतो, कारण तो कमावणाऱ्याच्या दुकानाला कुलूप लावतो.

ऐकणाऱ्याच्या मागे लागून काय होतं ते अमेरिकेने करून बघितलं. तिथल्या कंपन्यांच्या संघटनेने २००३पासून घराघरातल्या लोकांवर हजारोंनी दावे लावले. मिनेसोटातल्या एका बाईवर २४ गाण्यांसाठी खटला चालला. २००९मध्ये ज्युरीने १९ लाख २० हजार डॉलर भरपाई ठरवली, म्हणजे एका गाण्याला ८० हजार डॉलर! पुढे अपिलात ते २ लाख २२ हजारांवर आलं. तोवर कंपन्यांनीच २००८च्या अखेरीला असे नवे दावे लावणं सोडून दिलं होतं. फ्रान्सने २००९मध्ये तिसऱ्यांदा सापडल्यास इंटरनेट तोडायचा कायदा केला आणि २०१३मध्ये तोडण्याची शिक्षा काढून टाकली. शहाणपणाची फी त्यांनी भरली आहे, आपण पुन्हा भरायची गरज नाही.

इथे तुमच्यापैकी कुणाला वाटेल, वकीलसाहेब म्हणजे गाणी चोरायला परवानगी देणार. थांबा. दुसरी बाजू मी दीक्षाभूमीवर पाहिली आहे.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तिथे रस्त्याच्या दोन्ही कडांना पुस्तकांचे आणि भीमगीतांचे स्टॉल लागतात. लाखोंनी लोक येतात, आणि परतताना हातात पुस्तक, कॅलेंडर, गाण्यांची सीडी असं काहीतरी असतंच. एक गायिका माझ्या ओळखीची. स्वतःचे पैसे घालून तिने स्टुडिओत आठ गाणी केली, आणि दोन दिवस स्टॉलवर स्वतः बसून विकली. पुढच्या वर्षी तिच्या स्टॉलपासून वीस पावलांवर शंभर गाण्यांची एमपीथ्री सीडी तीस रुपयांना, आणि त्यात तिची आठही गाणी. कव्हरवर तिचं नाव नव्हतं. स्टॉलवाल्याने ती सीडी तिलाच लावून ऐकवली, 'ताई, आवाज बघा किती क्लिअर आहे!'

पैशांपेक्षा नाव गेल्याचं तिला जास्त लागलं. मी म्हटलं, तक्रार देऊ. ती म्हणाली, 'कोणावर देऊ? विकणाराही आपल्याच वस्तीतला आहे. मला फक्त कव्हरवर नाव पाहिजे.' तिला पुढच्या वर्षी कार्यक्रम मिळायचे ते नावावरच.

तेव्हापासून कुठलाही खटला आला की मी विचारतो, वसूल झालेला पैसा जाणार कुठे? दंड सरकारजमा. आपसात मिटवलं तर रक्कम तक्रारदार कंपनीला. गाणाऱ्याने, लिहिणाऱ्याने बहुतेकदा हक्क आधीच ठोक रकमेत लिहून दिलेले असतात. २०१२च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा त्यांच्याकडून लिहून घेता येणार नाही अशी तजवीज केली. जावेद अख्तर राज्यसभेत त्यासाठी भांडले. गायकांनाही हक्क मिळाला. पण फौजदारी खटल्याच्या हिशेबात हे लोक अजून कुठेच नाहीत.

मला विचाराल तर घरी बसून स्वतःसाठी गाणं उतरवणाऱ्याच्या दाराशी पोलीस जाऊच नयेत. कायद्यात खासगी वापराला सवलत आहे, ती किती ताणायची यावर वाद घाला, पण तो दिवाणी कोर्टात. छोट्या विक्रेत्याला पहिल्या वेळी माल जप्त आणि परवडेल पण बोचेल असा दंड, आणि तो गुन्हा मिटवता येण्याजोगा हवा. आज तो तसा नाही. दोन्ही बाजू राजी असल्या तरी खटला रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं. तुरुंग दुसऱ्या-तिसऱ्या वेळेसाठी ठेवा. सायबर पोलिसांची माणसं मोजकी असतात, ती साइट चालवणाऱ्यांच्या जाहिरातीच्या पैशामागे लावा. दंडातला ठरावीक भाग गाण्यावर ज्यांची नावं आहेत त्यांना जावा, आणि नाव गाळल्याची वेगळी भरपाई असावी. कलम ५७ मध्ये लेखकाला नावाचा हक्क आहे, ३८-ब मध्ये कलावंताला आहे, वापरतं कोण?

शिक्षा कमी केली तर लोक माजतील, असं माझे एक ज्येष्ठ मित्र म्हणतात. मी त्यांना व्हरायटी चौकात उभं राहायला सांगतो. हेल्मेटसाठी कायद्यात फाशी लिहिली तरी समोर ट्रॅफिक हवालदार दिसला तरच पोट्टा ते डोक्यावर चढवतो, नाहीतर ते आरशाला लटकलेलं असतं.

बर्डीच्या पोराचं शेवटी काय झालं? कंपनीशी तडजोड झाली, त्याच्या मामाने उसने पैसे भरले. मग नागपूर खंडपीठात अर्ज, तिथे एफआयआर रद्द. सगळा खर्च मांडला तर हजारो चिपा भरल्या असत्या तरी निघाला नसता. चिप भरायचा धंदाही बुडाला, पण धाडींमुळे नाही. २०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, मग चिप घेऊन दुकानात जाणार कोण? आता तो मोबाइलची कव्हरं आणि टफन ग्लास विकतो.

जप्त सीपीयू सुपूर्तनाम्यावर, म्हणजे हमी लिहून देऊन, सोडवायला मी त्याच्यासोबत पोलिसांच्या मालखान्यात गेलो होतो. पोत्यात होता, लाखेचं सील, आत झुरळं. दुकानात आणून लावला तर चक्क सुरू झाला. त्याने सवयीने एक फोल्डर उघडलं आणि गाणं लावलं. बाईचा खडा आवाज, मागे ढोलकी. मी विचारलं, 'कोण गाते रे ही?'

त्याने स्क्रीनकडे वाकून बघितलं. फाइलचं नाव होतं, 'ट्रॅक ०७'.